पोळा की बारा तारीख

आमच्या देवमनदादाची पुण्यतिथी वर्षातून दोनदा यायची आणि दोन्ही वेळा बोलणी मलाच बसायची. पोळ्याला मी अकोल्याहून अमरावतीला गेले तर वयनीचं तोंड एवढंसं व्हायचं, आणि बारा सप्टेंबरला गेले तर माय भिंतीकडे तोंड करून बसायची. दोन्हीला जाते म्हटलं की घरी नवरा विचारायचा, "काहून वं, तुहा भाऊ काय दोन खेपा मेला?" मला त्याचा असा राग यायचा की विचारू नका. पण खरं सांगते, त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

माय म्हणजे माझी आई, चतुराबाई. वयनी म्हणजे ललिता, दादाची बायको. दादा गेला तो एकोणीसशे पन्नास साली, पोळ्याच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे. या एका "किंवा"वर माझ्या आईने पुढची एकोणीस वर्षं काढली. लोकांना वाटायचं, सासू-सुनेचा हट्ट आहे, एक तिथी धरून बसली आहे आणि दुसरी तारीख. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

खरं काय ते कळायला आधी मारबत सांगायला हवी. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या उभ्या करतात. घरातली सगळी इडापिडा रात्रभरात त्या फांद्यांत येऊन बसते, असं जुनी माणसं म्हणत; तीच मारबत. दुसऱ्या दिवशी फटफटायला लागलं की बायाबापड्या त्या फांद्या उचलतात आणि ओरडत ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकतात, "खासी-खोकला, राईरोग, घेऊन जाय गे मारबत!" जिच्या घरात कोणी आजारी असेल ती त्या आजाराचं नाव घेते आणि घसा फुटेस्तोवर ओरडते. मायच्या लेखी दिवस बदलायचा तो या ओरडीने. घड्याळाने नाही आणि सूर्यानेही नाही. मारबत हाकलली की पोळा सरला, असा तिचा सरळ हिशेब होता.

आम्ही तेव्हा मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात राहत होतो. बा शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या, लायनीवर गँगमन होता. दादा हंगामात कापसाच्या जिनात कामाला जायचा, एरवी मिळेल ते करायचा. उंच, सडपातळ, आणि बोलायला असा गोड की मायने रागवायला तोंड उघडलं की तिला हसू यायचं. लग्नाला वर्ष झालं होतं. त्या श्रावणात त्याला मुदतीचा ताप आला आणि उतरेचना. पोळ्याच्या संध्याकाळी बा डॉक्टरला आणायला मूर्तिजापूरला गेला, डॉक्टर बाहेरगावी होता म्हणून दवाखान्याच्या पायरीवरच बसून राहिला. मी अंजनगावला मामाकडे होते. घरात माय, वयनी आणि दादा, अशी तिघंच.

रात्री दादाचं बोलणं बंद पडलं. फटफटलं तशी माय उठली, दारातली फांदी उचलली आणि शिवेपर्यंत ओरडत गेली, "माह्या देवमनचा ताप घेऊन जाय गे मारबत!" गावातल्या बाया नंतर सांगायच्या, असं ओरडणं आम्ही जन्मात ऐकलं नाही. माय परत आली तेव्हा वयनी खाटेपाशी बसली होती आणि दादा गेलेला होता. अंग ऊन होतं. पण तापाचं अंग ते, महिनाभर ऊनच होतं.

मायला प्रश्न पडला तो तिथे. आपण ओरडायच्या आधी तो गेला की नंतर? आधी गेला असेल तर तो पोळ्याला गेला, तापाने गेला, कोणाचा इलाज नव्हता. नंतर गेला असेल तर ताप नेताना मारबतीने पोरगाही नेला, आणि तो न्यायला आपणच लावला. हे तिने मला सांगितलं ते माझ्या पहिल्या बाळंतपणात, अकोल्याला, माझ्या शालूला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना. हात पोरीच्या अंगावरून फिरत होता आणि तोंडाने हे चाललं होतं. "म्याच धाडला असन त्याले, पंचफुला. म्या असं वरडली का मारबतीले ताप कोनता अन् पोरगा कोनता, समजलंच नसन." मी तिला म्हटलं, माय, वयनीला विचार ना, ती होती तिथे. त्यावर ती म्हणाली, "अन् तिनं नंतर म्हनलं तं?"

त्यानंतर मी तिला तो सल्ला दिला नाही.

कोतवालाने मयताची तारीख लावली बारा सप्टेंबर. बाला वाटलं, चला, सरकारी कागद झाला, आता ही शांत होईल. त्याने तिला समजावलं, "रेल्वेचा दिवस रातच्या बारालेच बदलते. बाराचा ठोका पडला का नवी तारीख."

माय म्हणाली, "मंग रातच्या एकाले गेला तरी बारा तारीख, अन् तांबडं फुटल्यावर गेला तरी बाराच?"

"हो."

"मंग तुह्या तारखेचा मले काय उपेग?"

 बाच्या आयुष्यात रेल्वेला निरुत्तर करणारी एवढी एकच बाई होती.

तेव्हापासून मायने पोळा धरला. पोळ्यालाच गेला, पोळ्यालाच गेला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, जणू पुष्कळदा सांगितलं की ते खरं होईल. आणि वयनी, जी एरवी मायच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायची नाही, ती गपचूप बारा सप्टेंबर पाळायची. त्या दिवशी एक वेळ जेवायची आणि कोणाशी फारसं बोलायची नाही. पोळा कधी ऑगस्टात यायचा, कधी सप्टेंबरात, पण बारा तारखेशी काही केल्या जुळायचा नाही. मध्ये कधी दोन-चार दिवस जायचे, कधी तीन-तीन आठवडे. तेवढे दिवस आमचं घर सुतकात असल्यासारखं वाटायचं.

आणि त्या दिवसांत दादा यायचा. मी हे हसण्यावारी नेत नाही, कारण मायचा चेहरा मी पाहिला आहे. संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या तिचा हात थांबायचा आणि नजर दाराकडे जायची. "आला," एवढंच म्हणायची. तो उंबऱ्यावर उभा राहतो, असं ती सांगायची. आत येत नाही आणि जातही नाही. "ये म्हनलं तं येत नाही. अन् जाय म्हनाची माही हिंमत नाही. एक खेप म्हनली तेच लय झालं." मी दाराकडे पाहायची तर तिथे काही नसायचं. पण मीही मग तो उंबरा ओलांडताना बाजूने पाय टाकायची, आजही टाकते.

मारबतीच्या पहाटे ती कानांत कापसाचे बोळे घालून बसायची. आमच्या मुलखात कापसाला काय तोटा. तरीसुद्धा ओरड तिला ऐकू यायची. ऐन उन्हाळ्यात, चैत्रातसुद्धा, ती पहाटे उठून विचारायची, "कोन वरडून राह्यलं?"

छप्पन साली आम्ही सगळे नागपूरला गेलो आणि दीक्षा घेतली. माय पांढरं लुगडं नेसून, फाटक्या चपलांनी, ताठ मानेने गेली. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले सगळे टाक तिने स्वतःच्या हाताने उचलले आणि नदीत सोडले. मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, "यायनं आपलं कधी काय केलं?" मला वाटलं, सुटलो आता. तिथी गेली, मारबत गेली, सगळं गेलं. वयनीही तिला म्हणाली, "माय, आता भूत-पिशाच मानाचं नाही." वयनी मायला मायच म्हणायची.

माय म्हणाली, "भूत कोन म्हनते वं? माहा पोरगा आहे."

देव गेले, दादा उंबऱ्यावर राहिला.

या सगळ्यात त्या दोघींचं एकमेकींवर किती प्रेम होतं हे सांगायचं राहूनच जातं. विधवा सुनेला माहेरी धाडा, पाट लावून द्या, असं सांगणारे खूप आले. मायने वयनीला विचारलं, "तुले दुसरं घर कराचं असन तं सांग, म्या सोता पाठोनी करतो." वयनी नाही म्हणाली. मग मायनेच बाच्या मागे लागून तिला शाळेत घातली. विशीतली बाई लहान पोरींच्या शेजारी बसून शिकली. माय बिनकामाच्या माणसांना दारातूनच परत लावायची, पोरगी अभ्यास करून राहिली म्हणून. वयनी सातवीची फायनल पास झाली, पुढे अमरावतीला मास्तरीण झाली. बासष्ट साली बा गेल्यावर ती मायला आपल्याजवळ घेऊन गेली. फ्रेझरपुऱ्यात दोन खोल्या होत्या. पगाराच्या दिवशी मायसाठी न चुकता केळी यायची, आणि माय ती न चुकता शेजारच्या लेकरांना वाटून टाकायची.

असं असून वर्षातले ते दोन दिवस त्या दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. एकीच्या दिवशी दुसरी मुकी.

एकोणसत्तर साली वयनीच्या शाळेतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पोळा आला अकरा सप्टेंबरला. म्हणजे दुसऱ्या दिवशी मारबत आणि दुसऱ्याच दिवशी बारा तारीख, बरोबर जसे पन्नास साली आले होते तसे. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा भेटतात म्हणे. मी नवऱ्याला सांगितलं, यंदा एका तिकिटात दोन्ही पुण्यतिथ्या होतात, आता तरी कुरकुर नको. तो हसला. मीही हसतच गाडीत बसले, पण मूर्तिजापूर आलं आणि खिडकीतून शकुंतलेचे छोटे डबे दिसले तसं माझं हसू गेलं. यंदा मध्ये दोन-तीन आठवडे नव्हते. यंदा मध्ये एकच रात्र होती आणि ती तीच होती.

पोहोचले तर दोघी नीट बोलत होत्या. मायने पुरण घातलं होतं, वयनी पोळ्या लाटत होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माय सारखी दाराकडे बघत होती आणि वयनी सारखी मायकडे. जेवणं झाली, अंथरुणं पडली. कोणी कोणाला झोप म्हणालं नाही.

पहाटे मला जाग आली ती ओरडीने. आमच्या वस्तीत कोणी आता मारबत काढत नव्हतं, पण पलीकडच्या आळीतली पोरं फांद्या घेऊन निघाली होती. माय उठून दाराच्या आत बसली होती. कानांत बोळे नव्हते. वयनी तिच्यासमोर, हात मांडीवर ठेवून. मी पांघरुणातून बाहेर आले आणि भिंतीला टेकले.

माय म्हणाली, "ललिता, आज इच्यारतो तुले. मी वरडाच्या आंधी गेला का नंतर?"

वयनीने एक क्षणही घेतला नाही. बहुतेक तिने हे उत्तर फार वर्षांपासून तयार ठेवलं होतं.

"आंधीच गेले, माय. तुमी फांदी उचलली तव्हाच ते नव्हते. मले समजलं होतं, पन तुमाले हाक माराले तोंडातून आवाजच निंगाला नाही."

"खरं?"

"खरं."

मायचे खांदे खाली आले. एवढी वर्षं ते वर ओढलेले होते हे मला तेव्हा कळलं. "बरं झालं," ती म्हणाली, "लय बरं झालं." मला वाटलं, उठावं आणि वयनीच्या पायांवर डोकं ठेवावं. सुटली माझी माय. पोळा तिचा झाला.

बाहेरची पोरं लांब गेली. माय बराच वेळ जमिनीवर बोट फिरवत बसली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला आणि ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मंग त्याले माहा आवाज आयकूच गेला नाही."

वयनीने माझ्याकडे पाहिलं.

"मले वाटे, निदान आयकलं तं असन. एवढी वरडली म्या त्याच्यासाठी. लोकं म्हनत, चतुरा येडी झाली. अन् तो तं आंधीच गेल्ता. म्या कोनासाठी वरडून राह्यली होती?" आणि ती रडायला लागली. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं शेजारणी सांगायच्या. मी पुढे झाले तर तिने हाताने मला लोटलं.

वयनी उठून उभी राहिली, पुन्हा बसली. मग तिने मायचे दोन्ही हात धरले. "मी खोटं बोलली, माय," ती म्हणाली. "आयकलं त्यायनं."

मला वयनीचा संताप आला. झाकली मूठ होती, कशाला उघडली? पण आता तिला थांबवता येणार नव्हतं.

"तुमी वरडत गेल्या तव्हा त्यायनं डोये उघडले. रातभर बोलले नव्हते, पन तव्हा बोलले. तुमचा आवाज शिवेकडून येऊन राह्यला होता. फाटला होता तो. ते म्हनले, 'मायचा गळा बसला वाटते. आली का तिले पानी दे.'"

माय रडायची थांबली.

"मी उठली. म्हनलं, तुमी येसान तोवर भरून ठेवतो. माठापाशी गेली, वळून पाह्यलं तं..." वयनीने तोंडावरून पदर फिरवला. म्हणाली, "तेवढ्यात गेले. बारा तारखेले ते बोलले होते, माय. म्हनून मी बारा पाळतो. तुमाले सांगतलं असतं तं तुमी म्हनल्या असत्या, मारबतीनं नेला, म्याच धाडला. अन् मले वाटे, मी खाटेपासून उठलीच नसती तं ते गेले नसते. मंग कोनाची चूक सांगू? तुमची का माही?"

घरात उजेड आला होता. उंबऱ्यावर कोणी उभं आहे का, हे पाहायचा मला धीर झाला नाही. मी मायकडेच बघत राहिले. वाटलं, आता ही छाती बडवून घेणार. एकोणीस वर्षं जिला भीत होती ती गोष्ट खरी निघाली होती. ओरडल्यानंतरच गेला होता.

मायने विचारलं, "काय म्हनला? पुन्हा सांग."

"'मायचा गळा बसला वाटते. आली का तिले पानी दे.'"

"असंच म्हनला? गळा बसला म्हनला?"

"हो, माय. असंच."

माय त्यावर हसली. अगदी थोडंसं, पूर्वी दादाला रागवायला गेली की यायचं तसं. मग डोळे पुसले, वयनीकडे पाहिलं आणि दटावल्यासारखी म्हणाली, "अन् तू अजून देल्लं नाहीस."

वयनीला आधी समजलं नाही. समजलं तशी ती धडपडत उठली, माठाकडे गेली. आमच्याकडे एकसारखी वळून वळून पाहत होती, माय तिथेच आहे ना म्हणून. तिने तांब्या भरून आणला. मायने तो दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता, गळ्याखाली पाणी ओघळत असताना, सगळा पिऊन टाकला.

रिकामा तांब्या वयनीच्या हातात देऊन ती म्हणाली, "बाराच खरी."